काकूचं अंथरूण उकळायचं राहिलं

काकू गेल्याचा निरोप घेऊन माहेरच्या शेतावरचा सालदार शहाद्याला आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी मुलांचे पंचे दोरीवर टाकत होते. "ताई, काकू गयात... काल सकाळले," एवढंच तो म्हणाला. मला रडू यायला हवं होतं. आलंही, पण नंतर. लिहायला लाज वाटते, तरी खरं तेच लिहिते. माझ्या मनात पहिला विचार आला तो काकूच्या अंथरुणाचा. ते कुठं असेल? कुणी उचललं असेल? मी त्या बिचाऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारलं ते हेच, की काकूची गोधडी कुठाय. त्याला काही कळलं नसावं. "घरमाच व्हई," तो म्हणाला. त्या 'व्हई'नं, त्या 'असेल'नं, माझा जीव टांगणीला लागला.

तापीकाठच्या आमच्या गावी काकूला सगळे ओळखत ते तिच्या धुण्यामुळं. माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. काकूला मूलबाळ नव्हतं, तेव्हा मी आणि दादा तिच्याच हाताखाली वाढलो. आमच्याकडं बाकीच्या घरांत अंथरुणं धुतली जात ती दिवाळीला, लग्नकार्याला, नाहीतर सुतक फिटल्यावर. काकूकडं प्रत्येक कपड्याचा दिवस ठरलेला. अंग पुसायचे पंचे एक दिवसाआड, उशांचे अभ्रे दर चौथ्या दिवशी, चादरी आठव्या दिवशी, आणि गोधड्या महिन्यातून एकदा. मधल्या दिवसांत गोधड्या उन्हात. दुपारी उलटायच्या, दिवेलागणीच्या आत काढायच्या. ज्याचा त्याचा पंचा वेगळा, आणि कोपऱ्यात ज्याच्या त्याच्या रंगाचा दोरा. माझा लाल होता. एकदा मी घाईत दादाच्या पंच्यानं तोंड पुसलं, तर तिनं तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि भर थंडीत मला पुन्हा तोंड धुवायला लावलं.

चादरी ती नुसत्या धूत नसे, उकळत असे. उसाचा गूळ करायची एक जुनी लोखंडी कढई परसात पडून होती. तिच्यात पाणी, धुण्याचा सोडा, मूठभर रिठे आणि आमच्या चादरी. खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ आणि वर हातात लाकडी दांडकं घेऊन काकू. शेजारच्या बायका कुंपणावरून डोकावून विचारत, "काय वं, आज गूळ शे का चादरी?" काकू हसत नसे. "चादरी शेत. गूळ पाहिजे तर घर जाय," म्हणत असे. आम्ही मुलंही तिला पुष्कळ छळायचो. दादा म्हशीच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचा, "काकू, हाई म्हैस उकाळानी ऱ्हायनी." त्यावर मात्र ती गालातल्या गालात हसायची, आणि लगेच विचारायची, "तुन्हा हाऊ पंचा कितला दिनना शे?" आमची वरात मुकाट्यानं परसाकडं.

पाहुणे आले की मला आधीच लाज वाटायला लागायची. ते जाताच, गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचण्याआधीच, काकू त्यांची अंथरुणं गोळा करायला लागायची. एकदा एक मावशीबाई विसरलेली पिशवी घ्यायला परत आल्या आणि आपण निजलेली चादर कढईत उकळताना बघून दारातच थबकल्या. "आम्ही काय रोगी शेतस का?" असं म्हणून गेल्या त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. वडील काकूवर खूप चिडले. चादर मात्र तिनं पुरती उकळून, पिळून, वाळत घातली. मला तेव्हा तिचा राग आला होता. एवढं काय मेलं त्या कापडात, असं वाटायचं.

काय होतं ते तिनं मला माझ्या लग्नाच्या चार दिवस आधी सांगितलं. आमच्याकडं लग्नघरी वऱ्हाडाला पुरतील इतकी अंथरुणं कुणाकडंच नसतात. मग दोन माणसं बैलगाडी घेऊन गल्लीतून फिरतात आणि घरटी दोन-चार गोधड्या मागून नेतात. कुणी नाही म्हणत नाही. लग्नघराला अंथरूण नाकारणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणंच. माझ्या लग्नासाठी अशी गाडी निघायची होती, आणि दादा ती जुंपत असताना काकूनं मला परसात ओढलं. तिनं मागचं दार ओढून घेतलं. मी घाबरले. मला वाटलं, लग्नच मोडलं की काय.

काका गेले ते क्षयानं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की, ते खोकत होते त्या वर्षी आत्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि घरात क्षय आहे हे कळलं असतं तर आत्याला कुणी केलं नसतं. म्हणून सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती. दमा आहे, असं सांगत. धुळ्याच्या डॉक्टरांनी काकूला बजावलं होतं की, यांचं अंथरूण वेगळं ठेव, उकळ, उन्हात घाल. ती तसं करत होती. त्याच हिवाळ्यात शेजारी लग्न निघालं. गाडी दाराशी आली. काकूच्या सासूनं आतून गोधड्यांची चळत आणली, आणि त्या चळतीत खालून दुसरी काकांची होती. न उकळलेली. ती उकळायचा दिवस उद्याचा होता.

"मी दारमांगे उभी व्हती," काकू म्हणाली. अंगणात सासरे होते, थोरले दीर होते, गाडीवाले होते. सुनेनं त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही. आणि उघडून म्हणायचं तरी काय? ही गोधडी नको, कारण माझा नवरा... ती दाराची कडी धरून उभी राहिली, आणि गाडी निघून गेली. चार दिवसांनी गोधडी परत आली. कोपऱ्यात हळदीची बोटं उमटली होती. "आसी न्हानी न्हानी," असं म्हणून तिनं मला तिच्या करंगळीचं अर्धं पेर दाखवलं. कोणाचं तरी लेकरू तिच्यावर निजलं होतं, हळदीच्या हातानं. नवरीकडचं की नवरदेवाकडचं, ते तिला कधीच कळलं नाही.

मी तिला म्हटलं, "काकू, इतले वरीस व्हई गये. काही झालं असतं तर कानावर आलं असतं." तिनं मान हलवली. "ह्या रोगले घाई नही ऱ्हास, माय." आणि मग मला एकेक आठवायला लागलं. त्या नवरदेवाच्या गावचा माणूस बाजाराला भेटला की काकू त्याला थांबवून विचारायची, तिकडं सगळे बरे आहेत ना, लेकरंबाळं बरी आहेत ना? लोक म्हणायचे, काय मायाळू बाई आहे! मीसुद्धा तेच समजत होते. तिचं सगळं आयुष्य त्या बोटांचा धनी शोधण्यात चाललं होतं, आणि कुणाला विचारायचं तेही तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मला तिचा राग आला नाही. उलट तिची धास्तीच माझ्यात शिरली. सासरी मी चादरींचे दिवस मोजते म्हणून माझ्या जावा हसतात. हसू देत.

गेल्या वर्षी काकूलाच खोकला लागला. तो तिनं आधी स्वतःशीच ओळखला, मग डॉक्टरनं. गोठ्याशेजारची खोली तिनं स्वतःहून घेतली. वहिनीला दोन लहान मुलं, तिनं आत यायचं नाही असं काकूनंच ठरवलं. तिचं सगळं केलं ते सोमीनं, आमच्या सालदाराच्या बायकोनं. सोमीलाही लहान मुलगी होती, वर्षाची. काकूनं तिला नको नको म्हटलं, पण सोमी ऐकेना. मग काकूनं अट घातली. पोरीला घरी सासूजवळ ठेवायचं, आणि इथून जाताना रोज हातपाय धुऊन, लुगडं बदलून जायचं. सोमीनं चार महिने हे पाळलं. काकूच्या चादरी ती त्याच कढईत उकळत असे आणि काकू दारातून बघत असे, पाणी खळखळ उकळतंय की नाही.

मी शेवटची भेटले तेव्हा काकूनं मला उंबऱ्याबाहेर बसवलं. बोलता बोलता दम लागायचा, मग थांबायची. "मन्हं आथरून उकाळा बगर कोनले देवानं नही... तू सोता करजो. दुसरा कोनी इसरी जाई." मी हो म्हटलं. कुणी कुणी तर म्हणत होतं, उकळता काय, जाळूनच टाका. पण जुन्या लुगड्यांची तिनं स्वतः घातलेली गोधडी, अजून दहा वर्षं टिकेल अशी, जाळणं तिच्या जिवाला पटत नव्हतं. कुणाला तरी ऊब मिळेल, म्हणायची. मी हो म्हटलं, आणि गाडीत बसून शहाद्याला परत आले. तिच्याजवळ राहायला हवं होतं. मला मुलं होती, घर होतं, आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती.

निरोप मिळाल्यावर गावी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. खोली सारवलेली होती. खाट बाहेर उन्हात उभी. चादरी, उशी स्मशानात गेल्या. गोधडी नव्हती. वहिनीला विचारलं, तर ती कावरीबावरी झाली. "सोमीनं मांगी," ती म्हणाली. "मी तिले नवं कांबळं देत होती, तिनं घेतलंच नाही. आणि ताई, घरातून गेली तर बरीच, असं मला झालं..." तिच्यावर मी ओरडले. ओरडायला नको होतं. मग तशीच धावत शेताकडं गेले.

सोमीच्या झोपडीपुढं काकूची गोधडी पसरली होती आणि तिच्यावर सोमीची पोर पालथी पडून एका टाक्याशी खेळत होती. टाका तोंडात घेत होती. मी तिला उचललं, आणि ती रडायला लागली. सोमी धावत बाहेर आली. "धोयी का?" एवढंच मी विचारलं. सोमीनं मान खाली घातली. तिला सगळं माहीत होतं. माझ्याइतकंच, बहुधा माझ्याहून जास्त. "कितलंदा काढी धोवाले..." ती म्हणाली, "पन ताई, धोयी तर काकूना वास जाई. मंग काय ऱ्हाई?" किती रात्री पोर हिच्यावर निजली, मी विचारलं. "दोन."

मी गोधडी परत न्यायला निघाले. सोमी बरोबर आली, पोर सासूजवळ देऊन. परसात आम्ही कढई मांडली, पाणी ओतलं, सोडा टाकला, जाळ केला. पाणी उकळायला लागलं तरी आम्ही दोघी नुसत्या उभ्या. "तुमीच टाका," सोमी म्हणाली, "मन्हा हात नही व्हस." मी गोधडी दोन्ही हातांनी उचलली. ओव्याचा वास होता तिला, रिठ्यांचा, आणि त्याच्याखाली काकूचा. मला आठवत नव्हता इतका जुना, मी तीन वर्षांची असतानाचा. मी तोंड त्या गोधडीत खुपसलं आणि रडले. किती वेळ ते सांगता यायचं नाही. सोमीनं माझ्या खांद्याला धरून मागं ओढलं, तेव्हा भानावर आले. मग गोधडी टाकली. ती पाण्यावर तरंगत होती, सोमीनं दांडक्यानं ती खाली दाबून धरली.

वाळल्यावर ती सोमीनंच नेली. काकूची इच्छाही तीच असती. आता तिला काहीच वास नाही.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. दर मंगळवारी सालदार बाजाराला शहाद्याला येतो आणि मी त्याला थांबवते. पोर कशी आहे? जेवते का? खोकला? "काहीच नही ताई, चांगली शे," तो सांगतो. गेल्या मंगळवारी जरा वैतागून म्हणाला, "तुमी हर बजारले तेच काबरं इचारतस?" मी त्याच्या हातात पोरीसाठी खाऊ दिला आणि विषय बदलला. त्याला काय सांगू, की हे मी वर्षानुवर्षं विचारणार आहे?

माझी धाकटी सहा वर्षांची आहे. गावाहून आल्यापासून मी तिचं अंथरूण माझ्यापासून वेगळं, पलीकडच्या भिंतीला घातलं आहे. माझी चादर, माझा पंचा मी वेगळा उकळते. मला काहीही होत नाही, खोकलासुद्धा नाही. न उकळलेल्या गोधडीत मी तोंड खुपसलं होतं, हे ह्यांना सांगितलेलं नाही. काल संध्याकाळी अंथरुणं घालताना धाकटीनं आपली उशी उचलून माझ्या उशीशेजारी आणून ठेवली. मी ती परत नेऊन ठेवली. तिनं रडत रडत विचारलं, "आई, अजून किती दिवस?"

पंच्याला दोन, अभ्र्याला चार, चादरीला आठ... काकूनं मला सगळे दिवस शिकवले. हे किती दिवसांचं, ते तिलाही कधी कळलं नव्हतं.