टँकरनंतरचं माप

पाणीटंचाईचं काम पाहणाऱ्या कचेरीत मी बरीच वर्षं आहे. माझं काम साधं. आंबेगावच्या पश्चिमेला, आहुप्याच्या बाजूच्या वाड्यांवर जायचं, ठरलेल्या विहिरीत टेप सोडायची, पाणी किती खोल आहे ते मोबाइलमध्ये भरायचं आणि विहिरीचा एक फोटो जोडायचा. पुढचं संगणक करतो. विहीर आटली की यादीतली वाडीची ओळ लाल होते, पाणी वर आलं की पिवळी. लाल ओळीला टँकर मिळतो, पिवळीचा बंद होतो. आमचे साहेब म्हणायचे, "आता वशिला नाही, आकडा बोलतो." मला ते मनापासून पटायचं. कुणाच्या फोनवर कुठला टँकर कुठे वळायचा, ते मी आधी पाहिलं होतं.

आकड्यावर जितका विश्वास, तितकाच माणसांवर संशय. वाडीत शिरलो की वाटायचं, यांनी पिंपं कुठंतरी झाकली असणार. टँकरचा एक ड्रायव्हर चहा पिताना म्हणाला होता, "वरच्या वाडीला पाणी लई झालंय राव, बकऱ्या धुत्यात." घाट चढायचा त्याला कंटाळा होता, हे माहीत असूनही मी त्याचं ऐकून ठेवलं.

टँकर काही घरोघर जात नाही. तो विहिरीत ओततात आणि बाया तिथून दोरानं शेंदून नेतात. त्या वरच्या वाडीला विहीर एकच. माप तिचंच, टँकरही तिच्यातच. म्हणून आम्हाला ताकीद होती, माप सकाळी घ्यायचं, टँकर यायच्या आत.

त्या एप्रिलात मापाच्या दिवशी मी मंचरला नात्यातल्या साखरपुड्याला गेलो. निवांत जेवलो. वाडीवर पोचेपर्यंत तीन वाजले. विहिरीपाशी टायरचे ओले वळ होते, हंड्यांची रांग होती, आत गढूळ पाणी हलत होतं. विहिरीला लागून जिचं घर, ती बाई पुढं आली. दर खेपेला टेपचं टोक तीच धरायची.

"भाऊ, आज माप नका घेऊ. आत्ताच टँकर वतून गेला. हे पाणी आमचं न्हाई."

"मग कुणाचं?"

"टँकरचं. उद्या सकाळच्याला या, तळ दिसंल तुमाला."

मागून दुसरी एक म्हणाली, "सायेबांच्या कपाळाला गंध हाये गं. पंगतीतनं उठून आल्यात." बाया हसल्या.

ते हसणं मला लागलं. उद्या यायचं तर आज का नाही घेतलं, हे कचेरीत सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, बाई हुशार आहे, टँकर टिकवायला बघते. मी टेप सोडली. कमरेइतकं पाणी निघालं. आकडा भरला, फोटो काढला, गाडीला किक मारली.

तिसऱ्या दिवशी टँकर बंद झाला. का झाला ते सगळ्या कचेरीत मला एकट्याला ठाऊक होतं. एक फोन केला असता तर पुरलं असतं. मी स्वतःला समजावत राहिलो, असेल त्यांच्याकडे कुठं दडवलेलं.

टँकर थांबल्याच्या नवव्या दिवशी पहाटे ती बाई विहिरीच्या बांधकामातल्या पुढं आलेल्या दगडांवर पाय ठेवत तळाला उतरली, झऱ्याचं पाणी वाटीनं भरायला. वर येताना पाय निसटला. मांडीचं हाड मोडलं.

टँकर लगेच सुरू झाला. चौकशीही झाली. ओळ पिवळी होती, म्हणजे निर्णय बरोबर होता, असं निघालं. फोटो कुणी उघडला नाही. त्यात सगळं होतं: वेळ, टायरचे वळ, हंडे, आणि कडेला नको म्हणून हलवलेला तिचा हात.

पावसाळ्यानंतर एका बैठकीत भिंतीवर आलेख लावला. भर एप्रिलात त्या वाडीच्या रेषेला उंचवटा होता. डोंगरावरच्या बांधांमुळे पाणी वाढलं, असं एका अधिकाऱ्यांनी सांगितलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. पुढच्या उन्हाळ्यात 'सुधारलेली वाडी' म्हणून तिथला टँकर उशिरा लागला.

यंदा मी अर्ज लिहिला. माप टँकरनंतर घेतलं, मला तसं सांगितलं होतं, तरी घेतलं, तो आकडा काढून टाकावा. आवक घेणारा कारकून वाचून म्हणाला, "झाकली मूठ राहू द्या की राव. वर गेलेला आकडा खाली येतो का कधी?" मी म्हटलं, शिक्का मार. त्यानं मारला. आकडा अजून तिथंच आहे.

मग वाडीवर गेलो. ती ओसरीवर नाचणी पाखडत होती, काठी शेजारी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, साखरपुड्यापासून. तिचं सूप थांबलं नाही.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "तुमी टेप सोडली तवाच."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"तुमालाच बोलले की. तुमाला खोटं वाटलं."

मग तिनं विचारलं, "यंदाचं माप कवा?"

"उद्या."

"टँकरच्या आधी का मागनं?"

"आधी. सात वाजता येतो."

तिनं सूप खाली ठेवलं आणि आत सुनेला हाक मारली. "उद्या उजाडताच विहिरीवर जाऊन बस गं. पावणं कवा येत्यात, बघून ठेव."

सून दारात आली. माझ्याकडे बघून तिनं मोबाइलमध्ये गजर लावला.