रेड्याच्या पायावर पाणी

मी चौथी नापास. पण लोखंडाला लोखंड कसं चिकटवायचं, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. कतारात वर्ल्डकपची तयारी जोरात होती तेव्हा मला अल रय्यानच्या स्टेडियमवरून उचलून उम्म सलाल मोहम्मदजवळच्या एका मळ्यावर पाठवलं. मळ्याच्या अरबाबाला, म्हणजे मालकाला, स्वतःची जनावरांची बाग करायची होती. पिंजरे मी करायचे. सोबतीला ड्रायव्हर दिला, तो आमच्याच तालुक्यातला. त्याच्या घरी म्हशींचा गोठा. तोंड दिवसभर चालू.

"आण्णा, तुमचं वेल्डिंग म्हंजे भिंतीला गोवऱ्या थापल्यात," तो म्हणायचा.

"दिसतंय कसं ते बघू नगंस. धडक मारून बघ."

बागेतलं पहिलं जनावर युरोपातल्या एका जुन्या प्राणिसंग्रहालयातून यायचं होतं. आफ्रिकेचा रानरेडा, पण जन्म तिकडच्याच पिंजऱ्यातला. त्याला सांभाळणारा म्हातारा गोरा आधी येऊन राहिला. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, म्हणून आमचं जमलं.

त्यानं आम्हाला त्याच्या बागेची सुरुवात सांगितली. पहिला आला तो हत्ती, राजाला भेट मिळालेला. बाग कसली, एक तबेला आणि एक खड्डा. खड्ड्यात अस्वल. लोक तिकीट काढून यायचे आणि अस्वलावर कुत्री सोडायचे. हत्तीला पाव चारायचे, पावात खिळे घालून. एके दिवशी हत्तीनं स्वतःच्या माहुताला भिंतीशी धरून चेपलं. मग सैनिक तोफ घेऊन आले. पहिल्या गोळ्यानं खांदा उडाला तरी तो तीन पायांवर उभा होता. दुसऱ्यानं पडला. मांस गावानं खाल्लं. कातड्यात पेंढा भरून त्याला दारात उभा केला, तो अजून आहे.

"मी रोज त्याच्या समोरून कामावर जातो," गोरा म्हणाला. "त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही. काचेचे आहेत तरी."

ड्रायव्हरला मी हे सगळं मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "हत्तीचं सोडा. ह्यो रेडा हाय. रेड्याला काय भ्यायचं?"

रेडा आला तो भर दुपारी. मुलखातल्या सगळ्या क्रेन स्टेडियमवर, म्हणून पेटी आम्ही पायपांवरून ढकलत, 'यल्ला, यल्ला' करत कुंपणाला भिडवली. रेडा बाहेर आला, सावलीला गेला आणि खाली मान घालून उभा राहिला. तोंडाला फेस. गोरा म्हणाला, संध्याकाळपर्यंत कुणी आत जायचं नाही. आणि तो पेटीची दोरखंडं सोडायला पलीकडं गेला.

मी कुंपणात जायच्या छोट्या दाराचा शेवटचा गज जोडत होतो. ड्रायव्हर बादली घेऊन आला.

"कुठं रं?"

"पायावर पानी घालून येतो. नवं जनावर दारात आलंय आण्णा. आपल्यात तसंच ठेवत्यात का?"

"गोरा नको म्हणाला."

"त्याला काय म्हाईत? रेडा परक्या मुलखात आलाय बिचारा. आपल्यासारखाच."

मी हात धरेपर्यंत तो आत शिरलासुद्धा. "ह्यो बाळा, ह्यो," करत गेला. वाकून पुढच्या खुरांवर पाणी घातलं. रेड्यानं पाण्याकडं बघितलं. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात शिंग त्याच्या मांडीत घुसलं.

बादली माझ्याजवळ येऊन पडली. रेड्यानं त्याला वर उडवला, खाली येताच गुडघे टेकून त्याच्यावर कपाळ दाबलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा. गोरा दुसऱ्या टोकाकडून ओरडत धावला, पण त्याच्याकडं काय होतं, एक दोरी.

माझ्या हातात होल्डर होता, रॉड लावलेला. मी दार ओढून घेतलं आणि रॉड गजावर ओढला. उजेडाचा भडका उडाला. रेड्यानं मान वर केली. मी परत ओढला. तोंडावर काच घ्यायला वेळ नव्हता, डोळे जळाले तरी ओढत राहिलो. "ये," म्हटलं, "माझ्याकडं ये."

आला. अख्ख्या अंगानिशी गजांवर येऊन आदळला. मागं सरला, परत आला. जमीन हादरली, मी दोनदा पडलो. रक्त माझ्या तोंडावर उडालं. तिसऱ्या का चौथ्या धडकेला त्याचं डावं शिंग मुळातून मोडून लोंबायला लागलं. गज वाकला, जोड सुटला नाही. तेवढ्यात पलीकडून गोऱ्यानं रिकाम्या पेटीचं मागचं दार उघडलं आणि ड्रायव्हरला काखेत धरून त्या पेटीतून बाहेर ओढलं.

अरबाब बंदूक घेऊन आला. गोरा मध्ये उभा राहिला, हात जोडून, आमच्यासारखे. अरबाबानं त्याला बाजूला सारलं. एका गोळीत रेडा पडला नाही. दुसरीनं पडला. "खलास," अरबाब म्हणाला. गोऱ्यानं तोंड फिरवलं होतं.

ड्रायव्हर जगला. पाय मांडीपासून काढावा लागला. गावी जायच्या आधी त्यानं हट्ट धरला, म्हणून मी त्याला मळ्यावर घेऊन गेलो. अरबाबाच्या बैठकीत रेड्याचं मुंडकं भिंतीवर लावलं होतं. डावं शिंग चिकटवलेलं, जरा तिरकं. ड्रायव्हर कुबड्यांवर बराच वेळ बघत राहिला.

"ह्ये शिंग कुनी मोडलं?"

"माझ्या गजानं."

"गोवऱ्या टिकल्या म्हनायच्या." आणि मग, माझ्याकडं न बघता, "आण्णा, थोडं पानी मिळंल का?"

मी पेल्यात पाणी आणलं. त्याला तहान असेल असं वाटलं. रेड्याचे पाय भिंतीवर कुठून येणार, म्हणून त्यानं ते त्या मुंडक्याखाली, अरबाबाच्या गालिच्यावर ओतलं.