शांतम्माची सावड

विठाबाईला कामचुकार म्हणायची नांदेडात कुणाची टाप नव्हती. सोयाबीन कापावं तर तिनं, पोतं उचलावं तर तिनं. जिभेला मात्र हाड नव्हतं. धान्याच्या मोंढ्यातल्या हमालीच्या मुकादमालाही ती तोंडावर "सुस्त्या" म्हणायची, आणि तो हसून ऐकून घ्यायचा, कारण बाई दोघींचं काम एकटी ओढायची.

विष्णुपुरीच्या पुढं लातूर रोडला मोठं गोदाम झालं, तेव्हा ती तिथं लागली. गोदामाचा स्वतःचा माल कवडीचा नाही. साबण एका कंपनीचा, चहा दुसरीचा. यांनी फक्त सांभाळायचा आणि सांगतील तिकडं पाठवायचा. कुठलं खोकं कुठल्या रॅकवर, ते सॉफ्टवेअर सांगणार. बाईनं हातातल्या स्कॅनरवर आपला नंबर टाकायचा, खोकं काढायचं, स्कॅन करायचं. भिंतीवरच्या टीव्हीवर बायांची नावं वरखाली होत राहायची. सगळं इंटरनेटवर, त्यामुळं पुण्यातला मालकही घरबसल्या बघायचा. महिनाअखेरीला जिचं नाव तळाला, ती घरी. अहो, शर्यतीच्या बैलालासुद्धा कुणी इतकं हाकत नाही!

विठाबाईचं नाव कायम वर. तिच्या जोडीला शांतम्मा. देगलूरकडची, विधवा, बोलायला साखर. दोघी एकाच ॲटोनं यायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. मग शांतम्मा मोरीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तरी हात चालेना. नाव तळाला गेलं, तशी ती रडायला लागली.

"आगं, रडती काय अशी? सावड ठाऊक न्हाई का तुला?" विठाबाई खेकसली. "आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. सांग तुझा नंबर."

झालं! शांतम्माचा नंबर टाकून विठाबाई खोकी काढायला लागली. आधी तिची, मग जमली तर आपली. शांतम्माचं नाव वर चढत गेलं आणि विठाबाईचं घसरत गेलं. तिला त्याची फिकीर नव्हती. हात बरा झाला की फेडील शांतम्मा. रानात कुणी सावड बुडवल्याचं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

महिना संपला आणि सुपरवायझर यज्ञेशनं तिला केबिनमध्ये बोलावलं. पोरगा शिकलेला, बोलायला नम्र. "मावशी, तुमचं नाव तळाला आलंय. उद्यापासून येऊ नका."

विठाबाई हसलीच. "याड लागलं का साहेब? शांतम्माची खोकी मीच काढून राहिले की. इचारा तिला!"

यज्ञेशनं शांतम्माला बोलावून विचारलं. ती खाली मान घालून उभी राहिली.

"सांग की गं," विठाबाई म्हणाली.

"न्हाई साहेब," शांतम्मा म्हणाली. "ती लई दमती आताशा. उलट मीच तिची खोकी काढून दिली, हात दुखत असून."

आयुष्यभर जगाला शिव्या घालणारी विठाबाई, आणि ऐन वेळी नुसती शांतम्माच्या मनगटाकडं बोट दाखवत राहिली! मोडक्या हाताची बाई दुसरीचं काम कसं करील, हे यज्ञेशला कळलं नसेल? कळलं असेल. पण पुण्याला एक नाव पाठवायचं होतं, ते त्याला मिळालं होतं. "मशीन खोटं बोलत नाही, मावशी. आता आराम करा," तो म्हणाला.

शांतम्मा गेटपर्यंत मागं आली. "रागावू नको अक्का. तुझ्या अंगात जोर हाय, तुला कुठंबी काम मिळंल. मला कोण घेणार?"

खोटं नव्हतं ते. म्हणून तर विठाबाईनं उगारलेला हात तसाच खाली घेतला.

दुसऱ्या आठवड्यात ती मोंढ्यात जुन्या मुकादमाकडं गेली. त्यानं डोकं खाजवलं. "विठाबाई, तुझ्या गोदामातली शांतम्मा बाजारात सांगत होती, आता तुझ्यानं होत न्हाई म्हणून. टोळीतल्या बाया म्हणून राहिल्या, तिचं काम आम्ही कामून ओढावं?"

विठाबाईनं पदर खोचला, समोरचं हरभऱ्याचं पोतं एका दमात पाठीवर घेतलं आणि सगळ्यांकडं बघत उभी राहिली.

"ठेव ठेव म्हातारे, कंबर मोडंल," एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मुकादमही हसला.