लिहिणं हे मावशींचं काम नव्हतं

सहा नंबरच्या वॉर्डात बावीस खाटा होत्या आणि बावीसही खाटांवरच्या माणसांना स्वतःहून कूस बदलता येत नसे. कुणाला अर्धांगवायू, कुणाचा मणका मोडलेला. दर दोन तासांनी त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करायचं, पुसायचं, भरवायचं, चादरी बदलायच्या, हे काम मावशींचं. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण हजेरीचं बुक सोडलं तर ते कुठे वापरात नव्हतं. हॉस्पिटलात त्या सगळ्यांच्या मावशी होत्या, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या पेशंटच्यासुद्धा.

शिक्षण सातवीपर्यंत. लिहायची वेळ आली ती नातेवाइकांमुळे. पेशंटला घरी सोडायचं म्हटलं की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. नळीतून भरवायचं कसं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, एकट्या बाईने जड माणूस उठवायचा कसा, तेच तेच प्रश्न. सांगून सांगून घसा बसला, तेव्हा मावशींनी मुलीची आठवीतली गणिताची वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसल्या. पुढून त्रिकोण-चौकोन आणि त्याखाली गणिताच्या बाईंची तारखेसह सही, मागून मावशींचं ठसठशीत अक्षर. आकृत्याही त्यांनीच काढल्या. दहा वर्षांत अशा चार वह्या भरल्या. मावशींचे दीर झेरॉक्सचं दुकान चालवत. कुणी मागितली की ते वहीची प्रत काढून देत.

‘माणूस बोलत नाही म्हणजे त्याला ऐकू येत नाही असं धरून चालू नका,’ असं पहिल्याच पानावर होतं. ‘त्याच्या उशाशी उभं राहून त्याचा कंटाळा बोलून दाखवू नका. बोलायचंच असेल, तर जिन्यात जा.’

औषधपाण्यात काही चूक राहायला नको, म्हणून मावशींनी एक प्रत वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना वाचायला दिली. आठवड्याने ती परत आली. चार ठिकाणी तांबड्या शाईने दुरुस्ती होती आणि शेवटी ‘छान’ असा शेरा. त्या एका शब्दाने मावशी चार दिवस हरखून गेल्या होत्या.

दोन वर्षांनी एका दुपारी दीर धापा टाकत घरी आले. त्यांच्या हातात गुळगुळीत मुखपृष्ठाचं पुस्तक होतं.

“वहिनी, हे आज दुकानात एक जण झेरॉक्सला घेऊन आला. जरा बघा.”

पुस्तकावर मोठ्या डॉक्टरांचं नाव होतं. मावशी वाचत गेल्या. कूस बदलायच्या प्रकरणाशी आल्यावर त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

“भाऊजी, इथे काय लिहिलंय? जोराचा हात डावा. डावा हात खांद्याखाली घाला, उजव्याने कंबर सांभाळा. का माहितीय? मी डावरी आहे म्हणून. डॉक्टर उजव्या हाताने सही करतात.”

“आणि जिन्यात जा, हे?”

“तेही आहे. स्वल्पविरामासकट.”

मावशींचे यजमान चहा पीत बसले होते. ते म्हणाले, “जाऊ दे. लोकांपर्यंत पोचलं ना? उगाच मोठ्या माणसाशी वैर घेतलंस तर नोकरीवर गदा येईल.”

“लोकांपर्यंत ते आधीच पोचत होतं,” मावशी म्हणाल्या. “त्यासाठी माझं नाव पुसायची गरज नव्हती.”

दुसऱ्या दिवशी राउंड संपल्यावर त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर चिडले नाहीत, उलट हसले. “अहो मावशी, प्रस्तावना वाचलीत का? वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांच्या सहकार्याबद्दल आभार मानलेत मी.”

“सहकार्य मी चादर धरायला केलं, डॉक्टर. पुस्तक मी लिहिलंय.”

“तुमच्या नावाने ते कोण वाचणार होतं?”

मावशींना बोलता आलं असतं, पण तीन नंबरच्या खाटेची वेळ झाली होती. त्या गेल्या. पुढच्या सोमवारी मात्र त्यांनी रजा टाकली आणि कॉपीराइट नोंदवतात त्या कार्यालयात जाऊन थडकल्या. खिडकीपलीकडे चष्मा कपाळावर चढवलेल्या एक अधिकारी बाई होत्या. मावशींनी चारही वह्या त्यांच्यापुढे मांडल्या.

“मी नोंदणीच केली नव्हती. माझा हक्क गेला का?”

“नाही गेला. तुम्ही लिहिलंत, त्या क्षणी तो तुमचा झाला,” बाई म्हणाल्या. “नोंदणी म्हणजे जन्माचा दाखला समजा. दाखला काढला नाही म्हणून मूल जन्मलंच नाही, असं होत नाही. पण उद्या भांडण लागलं की हातात कागद असलेला बरा.”

“उद्या कशाला, आजच लागलंय.”

बाईंनी चष्मा खाली घेतला. मग त्यांनी सगळं नीट समजावलं. पेशंटची काळजी या विषयावर कुणाचीच मालकी नसते, त्यावर उद्या शंभर जण लिहितील. मालकी असते ती शब्दांवर, मांडणीवर, आकृत्यांवर. अर्ज भरायचा, लिखाणाच्या प्रती जोडायच्या. आणि या पुस्तकावर आणखी कुणाचा दावा असेल, तर त्याला अर्जदाराने स्वतःच कळवायचं. महिनाभरात हरकत आली नाही तर काम पुढे सरकतं, आली तर सुनावणी.

“म्हणजे डॉक्टरांना मीच सांगायचं, की मी तुमच्याविरुद्ध आलेय?”

“नियम तसा आहे.”

“चांगला नियम आहे,” मावशी म्हणाल्या.

अर्ज दिरांच्या दुकानात, झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसून भरला. लिखाणाची प्रत जोडताना मावशींनी डॉक्टरांच्या तांबड्या शाईतली चारही वाक्यं काढून टाकली. दीर म्हणाले, “राहू द्या की वहिनी, कोण बघतंय?” मावशींनी मान हलवली. “ती माझी नाहीत.”

नोटीस त्यांनी रजिस्टर पोस्टाने धाडली आणि वर एक प्रत राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या हातात देऊन पोच मागितली. सगळा वॉर्ड बघत होता. सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबल्या. डॉक्टरांनी सही केली, उजव्या हाताने, आणि पुढच्या खाटेकडे वळले.

पंधरवड्यात मावशींची बदली तळघरातल्या लाँड्रीत झाली. तिथे बॉयलरची धग आणि ओल्या चादरींचे ढीग. कारण विचारायला त्या ऑफिसात गेल्या, तर कुणी ताकास तूर लागू दिली नाही. “मला वाटतं त्यांना हवंय की मी अर्ज मागे घ्यावा,” त्या यजमानांना म्हणाल्या, “आणि मला वाटतं त्यांनी वाट बघत बसावं.” सुनावणीच्या दिवशी यजमान ड्यूटी बदलून बरोबर आले.

डॉक्टरांची हरकत दुहेरी होती. पहिली, पुस्तक त्यांनीच लिहिलंय, मावशींच्या वह्या म्हणजे त्यांच्या राउंडमधल्या बोलण्याच्या नोंदी. अधिकारी बाईंनी पहिली वही उलटीसुलटी करून पाहिली. गणिताच्या बाईंच्या सहीखालची तारीख त्यांनी मोठ्याने वाचली. डॉक्टर या हॉस्पिटलात रुजू झाले, त्याच्या तीन वर्षं आधीची होती.

“यात डॉक्टरांचं काहीच नाही?” बाईंनी मावशींना विचारलं.

“पुस्तकात आहेत, चार वाक्यं. नळीची जागा तपासायची पद्धत माझी चुकली होती, ती त्यांनी सुधारली. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. अर्जात ती धरलेली नाहीत.”

मग दुसरी हरकत आली. डॉक्टरांनी हॉस्पिटलचं पत्र पुढे केलं. समजा लिखाण मावशींचं असलं, तरी त्या नोकरीत आहेत, आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर हक्क मालकाचा. मागच्या बाकावर बसलेल्या दिरांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“असा नियम आहे,” बाई म्हणाल्या. “मावशी, तुमचं म्हणणं?”

मावशींनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक पिवळट कागद काढला. “हे माझं नेमणूकपत्र. माझी कामं यात लिहिली आहेत. वाचा तुम्ही.”

बाईंनी वाचलं. झाडलोट. रुग्णांना उचलणे व हलवणे. भांडी व चादरी स्वच्छ करणे. वरिष्ठ सांगतील ती इतर शारीरिक कामे.

“यात लिहिणं कुठे आहे?” मावशींनी विचारलं. त्या बाईंकडे नाही, डॉक्टरांकडे बघत होत्या. “सव्वीस वर्षांत मला कुणी एक ओळ लिहायला सांगितली नाही. एकदा पेशंटचा ताप कागदावर टिपून ठेवला, तर लेखी ताकीद मिळाली की हे तुमचं काम नाही. ती ताकीदही जपून ठेवलीय, हवी तर देते. माझं काम नव्हतं ना? मग ते मी माझ्या घरी, माझ्या मुलीच्या वहीत, माझ्या वेळात केलंय. हॉस्पिटलचं त्यात काय आहे?”

डॉक्टरांनी पत्र घडी करून खिशात घातलं.

नोंदणीचा दाखला यायला आणखी काही महिने लागले. त्यावर मावशींचं नाव होतं, पुरं, वडिलांच्या नावासकट. प्रकाशकाने विक्री थांबवली आणि निरोप धाडला, की दोघांची नावं टाकून नवी आवृत्ती काढू, वाद मिटेल. मावशींनी उलट निरोप दिला, की वाद मिटलेला आहे, दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. नवी आवृत्ती दुसऱ्या प्रकाशकाकडे निघाली. तांबड्या शाईतल्या दुरुस्त्या मावशींनी एका परिचारिकेकडून समजून घेऊन आपल्या शब्दांत लिहिल्या.

आतल्या पानावर हक्कांबद्दल काय छापायचं, असं प्रकाशकाने विचारलं, तेव्हा त्यांनी दिरांना तोंडी सांगून मजकूर उतरवून घेतला. ‘सर्व हक्क लेखिकेचे. ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी खुशाल झेरॉक्स काढावी, विचारायची गरज नाही. ज्यांना स्वतःचं नाव घालायचं आहे त्यांनी आधी लाँड्रीत येऊन मला भेटावं.’

वॉर्डात परत घ्यावं म्हणून त्यांनी दोन अर्ज केले, दोन्ही फेटाळले गेले. तिसरा परवाच दिलाय. पोच घेतल्याशिवाय त्या खिडकीवरून हलल्या नाहीत.