निमकर साहेबांचं ब्लँकेट

आमच्या ब्रँचमध्ये दुपारी अर्धा तास लंच असतो. तेवढ्यात डबा संपतो, पण किस्सा संपत नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो आणि तोवर त्यात नवीन भर पडलेली असते. उज्जैनला येऊन मला एकवीस वर्षं झाली, त्यातली सतरा या टेबलावर गेली. इथे ऐकलेलं सगळं लिहून ठेवलं असतं, तर रेकॉर्ड रूममध्ये वेगळं कपाट लागलं असतं. पण या थंडीत निमकर साहेबांनी जो महिना आम्हाला दाखवला, त्याच्यापुढे बाकी सगळे किस्से म्हणजे पानीवाली चाय!

टेबलावर आम्ही चौघं. मी अनघा. लोन सेक्शनच्या सरनोबत मॅडम, ज्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात होते, आणि ही गोष्ट त्या आठवड्यातून एकदा तरी सांगतात. कॅशियर तिवारीजी, कांदा-लसूणही न खाणारे, पण आमच्यात बसून बसून मराठी शिकलेले. आणि अकाउंट्सचे निमकर साहेब, ज्यांना चहासुद्धा करता येत नव्हता.

* * *

सुरुवात एका चिठ्ठीने झाली.

निमकर साहेबांची मिताली पुण्याला नोकरी करते. वहिनी गेल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मिताली वाढदिवसाला घरी आलीच नव्हती. या वर्षी तिने फोन केला, की आठ मित्रमैत्रिणींना महाकालचं दर्शन करवायला आणते आहे, वाढदिवस घरीच करू, आणि बाबा, पार्टीत ते अमुक अमुक पाहिजेच. ती रिक्षात होती, हॉर्न वाजत होते. साहेबांना जेवढं ऐकू आलं, तेवढं त्यांनी डिपॉझिट स्लिपच्या मागे लिहून आणलं होतं: "पि... इन ब्लँकेट".

"मधलं काय ते कळलं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग विचारा की परत फोन करून. तर मान हलवली. मिताली लहान असताना बारा वर्षं त्यांची पोस्टिंग बाहेर, कधी शाजापूर, कधी मंदसौर. घरी फक्त रविवारी. त्यामुळे मुलीचं एक ठरलेलं वाक्य होतं: "बाबांना काहीच माहीत नसतं." थट्टेतच म्हणायची, पण साहेबांना ते लागायचं. या एका वाढदिवसाला तरी त्यांना ते वाक्य ऐकायचं नव्हतं.

मी मोबाइल काढला. "पि" टाइप केलं, "इन ब्लँकेट" टाइप केलं, आणि मधलं मोबाइलने स्वतःच भरून दिलं. पिग्ज इन अ ब्लँकेट! फोटोही आले. चिमुकले सॉसेज, त्यांच्याभोवती खुसखुशीत पेस्ट्रीची गुंडाळी. खाली लिहिलं होतं, पार्टीसाठी अगदी सोपं, वीस मिनिटांत तयार.

तिवारीजींचा घास हातातच राहिला. "म्हणजे डुकरं? कंबल में?"

मी समजावलं, की डुक्कर नुसतं नावात आहे, आत चिकन घाला नाहीतर पनीर. त्यांना पटेना. शेवटी सरनोबत मॅडम म्हणाल्या, "अहो तिवारीजी, गोपाळकाल्यात गोपाळ घालतात का?"

तिवारीजींनी विचार केला आणि घास तोंडात टाकला. मोहीम मंजूर झाली.

* * *

सामान आणायला साहेब स्वतः फ्रीगंजच्या मोठ्या दुकानात गेले. आम्ही म्हटलं होतं, मॅडमना न्या बरोबर. पण नाही, त्यांना सगळं स्वतःच करायचं होतं. दुसऱ्या दिवशी लंचला त्यांनी विजयी चेहऱ्याने पिशवी टेबलावर ठेवली. आतून निघाल्या तीन बाटल्या. एक लाल, एक हिरवी, एक काळी.

"मी सॉसेज मागितले," साहेब म्हणाले. "त्याने विचारलं कौनसे, मी म्हटलं सगळे."

आम्ही बाटल्यांकडे बघत राहिलो. टोमॅटो सॉस, चिली सॉस, सोया सॉस. दुकानदाराची काही चूक नव्हती.

तिवारीजींनी सोया सॉसची बाटली उचलून उजेडात धरली. "साहब, ब्लँकेट में चटनी को सुलाएंगे क्या?"

मग चिकनचं खातं सरनोबत मॅडमनी घेतलं, कारण दरबारापासून त्यांच्याकडे चालतं. पनीरचे बोटाएवढे लांबट तुकडे करायचे काम माझ्याकडे आलं. तीन बाटल्या अजून आमच्या पँट्रीत आहेत.

* * *

आता गुंडाळी. व्हिडिओतली बाई हसत हसत लाटत होती. साहेब पहिल्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात एप्रन बांधून उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा लाटणं हातात धरलं. पहिल्या पोळीला पाच कोपरे होते. दुसरी पोळपाटाला चिकटली ती सुरीने काढावी लागली. मैद्यात लोणी घालून घड्या करायच्या होत्या, पण साहेब इतका वेळ एकेक घडी सारखी करत बसायचे, की लोणी वितळून ओट्यावरून खाली यायचं. वीस मिनिटांच्या पदार्थाला सकाळी दहापासून दुपारचे दोन वाजले.

शेवटी एक नग तयार झाला. देखरेखीला आलेल्या सरनोबत मॅडमनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "याला ब्लँकेट नाही म्हणत. ही वळकटी झाली."

कोणी दुसरा असता तर त्याने तिथेच सोडून दिलं असतं. साहेबांनी त्या वळकटीचा फोटो काढला आणि मोबाइलमध्ये ठेवून दिला.

* * *

मग सराव सुरू झाला, तो थेट ऑफिसात! गुंडाळी सरळ रेषेत यावी म्हणून साहेब जुन्या, रद्दीत काढलेल्या फॉर्मच्या पट्ट्या कापून त्यात पेनं गुंडाळू लागले. एका दुपारी मॅनेजर त्यांच्या टेबलाशी आले, तर तिथे चौदा पेनं ओळीने झोपलेली. प्रत्येकाचं फक्त टोपण बाहेर.

मॅनेजर तीनच महिन्यांपूर्वी भोपाळहून आलेले, कडक माणूस. त्यांनी विचारलं, ये क्या है. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"सर, ब्लँकेट," साहेब म्हणाले.

मॅनेजरनी पेनांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "हाँ, ठंड तो है," म्हणाले आणि केबिनमध्ये निघून गेले.

* * *

दुसऱ्या रविवारीही घडी साधेना, तेव्हा तिवारीजींनी रस्ता दाखवला. देवास गेटला त्यांच्या ओळखीचे एक बेकरीवाले चाचा आहेत. दिवाळीत आमच्याकडे बायका नानकटाईचे ट्रे घरी भरून त्यांच्या भट्टीवर नेतात आणि भाजून आणतात. तिवारीजी म्हणाले, पॅटिसच्या घडीच्या पिठाचा कच्चा पट्टाही तेच देतील आणि भट्टीही. साहेबांना कमीपणा वाटला, पण गुंडाळी तर मीच करणार ना, अशी स्वतःची समजूत घालून ते तयार झाले.

तिसरा रविवार म्हणजे रंगीत तालीम. ट्रे भट्टीत गेले आणि साहेबांचा धीर सुटला. साहेबांचं हिंदी एरवी चोख आहे, अर्धं आयुष्य त्यातच गेलं. पण घाबरले की मराठी मधेच डोकं वर काढतं. भट्टीच्या तोंडाशी वाकून ते सारखं म्हणत होते, "चाचा, ठीक से भाजो. जल्दी मत करो, पर भाजो!"

दोनदा चाचांनी दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा त्यांनी हातातला लांब दांडा भिंतीला टेकवला आणि शांतपणे म्हणाले, "साहब, भट्टी हमारी है. हम क्यों भागें?"

* * *

थोड्या वेळाने ट्रे बाहेर आले, आणि काय ते दिसत होते! फुगलेले, सोनेरी, पदर न् पदर सुटलेला. आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. पनीर आणि चिकनमध्ये गोंधळ नको म्हणून एकावर तीळ लावले होते, एकावर काळी कलौंजी. ही युक्ती तिवारीजींची, कारण धास्ती त्यांनाच जास्त.

तिवारीजींनी हात पुढे केला आणि विचारलं, तीळ म्हणजे पनीर ना? मी हो म्हटलं. त्याच क्षणी साहेब नाही म्हणाले. तिवारीजींचा हात हवेतच थांबला.

सरनोबत मॅडम पुढे झाल्या. "थांबा, मी खाऊन सांगते." त्यांनी तीळवाला एक खाल्ला. मग दुसरा. मग कलौंजीवाले तीन.

"खात्री झाली का?" मी विचारलं.

"तिळाची झाली, पनीर आहे," मॅडम म्हणाल्या. "कलौंजीचा अजून एक बघावा लागेल."

* * *

वाढदिवस रविवारीच आला. संध्याकाळी माधव नगरच्या निमकरांच्या घरी पोरांचा नुसता धिंगाणा. आम्ही तिघं सकाळपासून तिथेच, जणू आमच्याच घरचं कार्य. साहेब भट्टीवरून ऑटोने आले. माल गरम राहावा म्हणून दोन्ही ट्रे त्यांनी स्वतःच्या चेक्सच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळले होते. त्यांनी ते गाठोडं टेबलावर ठेवलं, ब्लँकेट उघडलं, आणि वाफेबरोबर असा वास सुटला की आठही जण एकदम धावले.

साहेब मात्र फक्त मितालीकडे बघत होते. तिने एक उचलला, बघितला, बाबांकडे बघितलं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"तू सांगितलं होतंस ना. माहीत असतं मला."

तिने एक खाल्ला, मग दुसरा, मग चार खाल्ले. दहा मिनिटांत दोन्ही ट्रे साफ. साहेबांचा चेहरा असा उजळला होता, की मला उगीचच भरून आलं. तिवारीजींनी माझ्या हातावर टाळी दिली. तीन रविवार सार्थकी लागले होते!

पाणी आणायला मी स्वयंपाकघरात गेले, तर मिताली तिथे पोळ्यांच्या डब्यासमोर उभी. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू.

"काकू, बाबांना हे नाव कोणी सांगितलं?"

मी म्हटलं मी, म्हणजे मोबाइलने.

"मी पिल्लू म्हटलं होतं. पिल्लू इन ब्लँकेट."

आणि तिने मला करून दाखवलं. दुपारची पोळी घेतली, तूप लावलं, साखर भुरभुरली, त्यावर केळं ठेवलं आणि पोळी गुंडाळली, केळ्याचं टोक वर राहील अशी. शाळेच्या डब्यात वहिनी रोज हेच द्यायच्या. मितालीने टोकावर बोट ठेवलं. "तोंड झाकायचं नाही. आई म्हणायची, पिल्लाला श्वास घेता आला पाहिजे."

एवढा महिना, तीन बाटल्या, चौदा पेनं, देवास गेटची भट्टी, आणि मुलीला हवी होती केळं घातलेली पोळी! मी म्हटलं, थांब, मी आत्ताच्या आत्ता साहेबांना सांगते. तिने माझा हात धरला.

"नाही काकू. शपथ आहे तुम्हाला. त्यांनी लाटणं धरलं माझ्यासाठी."

मग ते पिल्लू आम्ही दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं आणि डबा बंद केला. वळले तर साहेब रिकामे ट्रे घेऊन दाराशी उभे होते, कधी आले ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सगळी पोरं इंदूरला गेली, तिथून पुण्याला. मी शपथ पाळली. सरनोबत मॅडमनासुद्धा बोलले नाही, यावरून काय ते समजा.

* * *

मंगळवारी लंचला साहेबांनी डबा उघडला. एरवी त्यांचा डबा खानावळीतून येतो, त्या दिवशी घरचा स्टीलचा होता. आत चार गुंडाळ्या. पोळ्या वेड्यावाकड्या, एकीला तर पाच कोपरे. प्रत्येकीतून केळ्याचं टोक बाहेर आलेलं.

साहेबांनी एक मॅडमना दिली, एक तिवारीजींना, एक मला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

तिवारीजींनी गुंडाळी फिरवून पाहिली. "साहब, ये मुँह बाहेर का ठेवलंय? पोळी कम पड़ गई क्या?"

"नाही," निमकर साहेब म्हणाले. "पिल्लाला श्वास घेता आला पाहिजे."