लोखंडी हाडांचा सत्कार

"डॉक्टर, मशीननं तं सांगतलं, हाडं लोखंडाची हायेत. मंग कंबर काहून दुखून राहिली?"

वरूडचे संत्रा व्यापारी बापूराव अमरावतीच्या माझ्या सेंटरमध्ये टेबलावर कुशीला वळायची धडपड करत होते. मी रेडिऑलॉजिस्ट. म्हणजे पेशंटपेक्षा त्याचे फोटो जास्त बघणारा डॉक्टर.

अकोल्यात एका नव्या सेंटरच्या उद्घाटनाला ज्येष्ठांच्या हाडांची घनता फुकट मोजली होती. या तपासणीला डेक्सा म्हणतात. पंचाहत्तरीच्या बापूरावांचा आकडा जवान पैलवानाच्याही वर गेला. पुढाऱ्याच्या हस्ते शाल-श्रीफळ झालं. मुलगा सुधीरनं चौकात फ्लेक्स लावला. एवढ्या सत्कारानंतर कण्हणं बापूरावांना शोभेना. झोपताना पाठ टेकवत नव्हती, तरी ते लोकांना कॅल्शियमच्या गोळ्या सुचवत होते.

एक्स-रेत कमरेचे दोन मणके खडूसारखे पांढरे दिसले. सुधीर खूश झाला. जास्त पांढरं म्हणजे जास्त मजबूत, असा त्याचा हिशेब. मी अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावून, एवढ्या जास्त आकड्याबद्दल घरच्यांना सावध का केलं नाही, असं विचारलं.

"रिपोर्ट नॉर्मलपेक्षा चांगला होता सर. त्यात काय कळवायचं?"

मशीन फक्त चुना, म्हणजे हाडातलं कॅल्शियम मोजतं. तो कुणी आणि का भरला, हे विचारत नाही. बरेच कॅन्सर हाड पोखरतात, तिथे एक्स-रे काळा दिसतो. प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर बहुधा उलटं करतो. त्याच्या पेशी रक्तातून मणक्यांत, कमरेच्या हाडांत जातात आणि हाडाला वेड्यासारखं नवं हाड घालायला लावतात. दिसायला भरीव, पण बांधकाम कच्चं.

लघवीचं विचारलं तर बापूरावांनी सुधीरकडे बघून आवाज खाली आणला. त्रास वर्षभराचा होता. रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून येणारं प्रथिन, भरमसाट निघालं. बोन स्कॅनमध्ये सौम्य किरणोत्सारी औषध टोचतात. नवं हाड बनतं तिथे ते जमतं. बापूरावांचा कणा आणि बरगड्या काळ्या डागांनी भरल्या होत्या. बायोप्सीनं शिक्का मारला.

सगळं सांगितल्यावर सुधीर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बापूराव मात्र स्क्रीनकडे बघत होते.

"म्हंजे माह्याच हाडानं त्याले जागा देल्ली," ते शांतपणे म्हणाले.

रोग मुळापासून जाणार नव्हता, तेही सांगितलं. पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं सुरू झाली. काही आठवड्यांत दुखणं उतरलं. आता ते मंडीत बसतात, भाव पाडून मागणाऱ्यांशी भांडतात.

मी एक सवय लावून घेतली आहे. म्हाताऱ्या माणसाचा रिपोर्ट फारच छान आला, की अभिनंदन करण्याआधी त्याला पुन्हा टेबलावर घेतो.