आप्पांनी पारखलेला सिगार

आई गेल्यावर आप्पा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे कार्डिफला आले. मी इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे दिवसभर ते घरी एकटेच. संध्याकाळी "आज काय केलंत?" विचारलं की म्हणायचे, "बसलो होतो." त्यापुढे आमचं बोलणं सरकत नसे.

दुसऱ्या शनिवारी दुपारी मी मागच्या बागेत कपडे वाळत घालत होते. आप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. एकदम हवा हुंगत उठले आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

"पान चांगलं आहे गं," ते म्हणाले, "पण पार कोरडं पडलंय."

पलीकडे आमचे शेजारी सिगार ओढत बसले होते. बंदरावर क्रेन चालवायचे, आता रिटायर झालेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. समोर काळ्या बियरचा ग्लास आणि ताटलीत दोन प्रकारचं चीज. आम्हाला बघून त्यांनी हात केला. आप्पा काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी जरा संकोचूनच सांगितलं. ते हसले आणि आम्हाला आत बोलावलं.

आप्पांनी त्यांच्याकडचा एक सिगार घेतला, कानाजवळ धरला आणि दोन बोटांत हलकेच फिरवला. करकर आवाज आला. "कुठे ठेवतात हे?"

बॉयलरवरच्या फळीवर, शेजारी म्हणाले.

"मग वाळणारच! सांग त्यांना. डब्यात ठेवा, सोबत ओला कापूस ठेवा, पण पानाला लागू देऊ नका. आणि घाई नको, ओल हळूहळू चढू दे." मग म्हणाले, "हेही सांग, मी चौतीस वर्षं निपाणीला तंबाखूच्या वखारीत होतो."

हे वाक्य मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्याला कॉलेजात असताना 'वडील शेतमालाच्या व्यापारात आहेत' एवढंच सांगायचे. त्यांच्या सदऱ्याला येणारा तो उग्र वास मैत्रिणींना कळेल, या धास्तीने त्यांना हॉस्टेलवर येऊच देत नसे. त्या दुपारी मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं, सावकाश. शेजाऱ्यांनी उठून आप्पांशी हात मिळवला.

मग त्यांनी आप्पांना सिगार पेटवून दिला. आप्पांनी धूर आत न घेता तोंडातच घोळवला. निळ्या बुरशीच्या चीजचा तुकडा खाऊन तोंड वाकडं केलं. "हे फार तिखट. पानाची चव मारतं." मग पिवळं, जुनं चेडर खाल्लं, एक झुरका घेतला आणि मान डोलावली. "हे बसतंय."

शेजाऱ्यांनी बियरचे आणखी दोन ग्लास भरले. मी नको म्हणणार होते. आप्पांसमोर मी कधी दारूचा थेंबही घेतला नव्हता.

"घे की," आप्पा म्हणाले. "इथं घेत असशीलच."

मी घेतला. त्यांनीही एक घोट घेतला. "काहिलीच्या तळाला गूळ करपतो ना, तशी चव आहे." हे इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. शेजाऱ्यांनी मात्र पुन्हा एक घोट घेऊन पाहिला आणि म्हणाले, "खरंच की."

परत येताना कुंपणाच्या फाटकाशी आप्पा थांबले. "तुला लाज वाटायची माझ्या कामाची. आम्हाला माहीत होतं."

"आईलाही?"

"तीच म्हणायची, पोर लहान आहे, जाऊ दे."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वाळलेले कपडे काढायला गेले.

पुढच्या शनिवारी मला हाक न मारताच ते पलीकडे गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. शेजारी एका पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडून दाखवत होते. आप्पा निपाणीच्या मराठीत, हातवारे करत काहीतरी समजावत होते, आणि ते मन लावून ऐकत होते. दुभाषी म्हणून जावं का, असं एकदा मनात आलं. मग मी चहा टाकला आणि तिथेच उभी राहिले.